एका कादंबरींतील प्रतीकसृष्टि

घरांतलें एखादें माणूस गेलें म्हणजे त्याच्या जागीं दहा दिवस एक दिवा तेवत ठेवण्याची चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत आहे. त्या दिव्याच्या उजेडांत कोणी वाचीत नाहीं, कीं कोणी कामहि करीत नाहीं. खोलींत विजेचा दिवा लखलखत असला, तरी तो लहानसा दिवा विझूं नये म्हणून घरांतील माणसें रात्रीं उठून त्यांत तेल घालतात. त्याचा अर्थ काय, असें विचारलें तर एकच उत्तर मिळणार नाहीं. आजी म्हणेल, जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. मुलगा म्हणेल, तशी रीत आहे म्हणून. आणि जिचें माणूस गेलें ती कांहींएक न बोलतां वात पुढें सारील. जी वस्तु आपल्या उपयोगापेक्षां अधिक कांहीं सांगते, पण काय सांगते तें एका वाक्यांत बांधूं देत नाहीं, तिलाच साहित्यांत प्रतीक असें म्हणतात.

प्रतीक आणि रूपक यांत पुष्कळदां घोटाळा होतो. संसाराला सागर म्हटलें, देहाला नाव म्हटलें आणि सद्‌गुरूला नावाडी म्हटलें, म्हणजे रूपक पुरें झालें. प्रत्येक वस्तूसमोर तिचा अर्थ मांडतां येतो, आणि तो मांडल्यावर मागें कांहीं शिल्लक राहत नाहीं. प्रतीकाचें तसें नसतें. त्याचा एक अर्थ सांगितला कीं त्याच्या मागें दुसरा उभा असतो, आणि कधीं कधीं ते दोन अर्थ एकमेकांशीं भांडतहि असतात. म्हणूनच ज्या प्रश्नाला दोन उत्तरें आहेत आणि दोन्ही अपुरीं आहेत, अशा प्रश्नाशीं झगडणाऱ्या लेखकाला रूपकापेक्षां प्रतीक अधिक उपयोगी पडतें.

असा एक प्रश्न कित्येक घरांच्या उंबरठ्याआड दडलेला असतो. घरांतील गुणी मुलगा व्यसनाच्या आहारीं जातो. त्याला तें सोडतां येत नाहीं, कीं सोडावयाचेंच नाहीं? त्याला पापी समजावें, कीं रोगी समजावें? शास्त्र एक उत्तर देतें, धर्म दुसरें देतो, शेजारीपाजारी तिसरें देतात. पण आईच्या दुःखाला या तिन्ही उत्तरांनीं समाधान लाभत नाहीं. याआ जासी या लेखिकेची ‘ट्रान्सेंडंट किंगडम’ ही इंग्रजी कादंबरी या प्रश्नाभोंवतीं रचलेली आहे. ती २०२० सालीं प्रसिद्ध झाली, आणि २०२१ सालीं स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठीं इंग्लंडांत दिल्या जाणाऱ्या ‘विमेन्स प्राइझ’ या पारितोषिकाच्या अंतिम यादींत तिचा समावेश झाला. लेखिकेचा जन्म १९८९ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशांत झाला, आणि ती वाढली अमेरिकेंत, अलाबामा संस्थानांतील हंट्सव्हिल या शहरीं. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न अग्निबाणाची आंखणी ज्या केंद्रांत झाली, तें केंद्र याच शहरीं आहे. आणि धर्मनिष्ठेचा पगडाहि त्या मुलुखावर तितकाच मोठा आहे. कादंबरीचा पुष्कळसा भाग याच शहरांत घडतो.

कथा थोडक्यांत अशी आहे. घानामधून एक कुटुंब हंट्सव्हिलला येऊन राहतें. आई घरोघरीं जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते. वडील या परक्या देशांत रमत नाहींत. ते मायदेशीं जातात ते परत येत नाहींत. मागें राहतात आई, मुलगा नाना आणि धाकटी मुलगी गिफ्टी. नाना हें नांव मराठी वाचकाला घरचें वाटेल. घानांतील आकन भाषेंत तो वडीलधाऱ्यांना आणि सरदारांना लावावयाचा मानाचा शब्द आहे. हा नाना खेळांत असामान्य निघतो, बास्केटबॉलमध्यें नांव काढतो. एके दिवशीं त्याचा घोटा दुखावतो. डॉक्टर वेदना शमविणाऱ्या गोळ्या देतात. पाय बरा होतो, पण गोळ्या सुटत नाहींत. गोळ्यांवरून तो हेरॉइनवर जातो आणि त्याच्या अतिमात्रेनें मरतो. आई अंथरूण धरते. अकरा वर्षांच्या गिफ्टीला घानामध्यें मावशीकडे पाठविण्यांत येतें. पुढें हीच मुलगी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मेंदूच्या शास्त्राचा अभ्यास करूं लागते. आणि तिचें संशोधन पुरें होत आलेलें असतां आई पुन्हां अंथरूण धरते. तिला मुलीच्या घरीं आणून ठेवतात. भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडलेली आई आणि प्रयोगशाळेंतील उंदीर, या दोहोंमध्यें मुलीच्या फेऱ्या चालूं राहतात.

या कादंबरीच्या नांवापासूनच प्रतीकाला आरंभ होतो. इंग्रजींतील ‘किंगडम’ या एका शब्दासाठीं मराठींत दोन निराळे शब्द वापरावे लागतात. जीवशास्त्रांत आपण ‘प्राणिसृष्टि’ म्हणतों आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांत ‘देवाचें राज्य’ म्हणतात. इंग्रजींत दोन्ही ठिकाणीं हाच शब्द येतो. गिफ्टीच्या शाळेंतील एका शिक्षकाचें म्हणणें तिच्या स्मरणांत राहिलें आहे : आपण प्राणिसृष्टीच्या पलीकडे गेलों असें मानणारा मनुष्य हा एकटाच प्राणी आहे. म्हणजे ‘पलीकडचें राज्य’ हें भाविकाचें आश्वासनहि झालें आणि माणसाच्या गर्वावरचा टोमणाहि झाला. उंदराच्या मेंदूवरून भावाच्या मेंदूचा शोध घेणाऱ्या मुलीच्या कथेला हें दुहेरी नांव शोभतें. उंदीर आणि माणूस एकाच सृष्टींतले नसते, तर तिचा प्रयोग व्यर्थ होता. आणि ते सर्वस्वीं एकच असते, तर तिचा शोक व्यर्थ होता.

कादंबरींतील मुख्य प्रतीक म्हणजे हा उंदीर. पिंजऱ्यांतल्या उंदराला एक दांडी दाबायला शिकविलेलें असतें. दांडी दाबली कीं गोड पौष्टिक पेयाचा घोट मिळतो. मग प्रयोगाचा दुसरा भाग सुरू होतो. तीच दांडी दाबल्यावर कधीं पेय मिळतें, तर कधीं पायांना विजेचा धक्का बसतो, आणि केव्हां काय होईल याला नियम नसतो. कांहीं उंदीर लगेच दांडीचा नाद सोडतात. कांहीं थोडे धक्के खाऊन शहाणे होतात. परंतु कांहीं असे निघतात कीं ते थांबतच नाहींत. त्यांतला एक तर धक्के खाऊन खाऊन लंगडूं लागला आहे, तरी दांडीकडे जाण्याचें सोडीत नाहीं.

हा लंगडा उंदीर म्हणजे घोटा दुखावलेला नाना, हें कोणाहि वाचकाच्या ध्यानांत येईल. येथेंच लेखिका थांबली असती, तर तें रूपक झालें असतें. परंतु उंदीर तेवढ्यावर राहत नाहीं. दांडी दाबली असतां कधीं प्रसाद मिळावा आणि कधीं आघात व्हावा, आणि त्यांतला नियम मात्र कळूं नये, ही स्थिति भाविकाचीहि आहे. गिफ्टीची आई आयुष्यभर प्रार्थना करीत आली. मुलगा व्हावा म्हणून केलेली प्रार्थना फळली. तोच मुलगा वांचावा म्हणून केलेली फळली नाहीं. तरी तिनें प्रार्थना सोडली नाहीं. मग तिच्या या न थांबण्याला काय म्हणावें? उंदीर थांबत नाहीं त्याला आपण विकार म्हणतों, आणि माणूस थांबत नाहीं त्याला कधीं व्यसन म्हणतों, कधीं निष्ठा म्हणतों. फार काय, त्याच एका प्रश्नाकडे वर्षानुवर्षें परतणारी गिफ्टीहि या दांडीपासून दूर नाहीं. हा विषय कां निवडला, असें सहकाऱ्यांनीं विचारलें कीं तो कठीण आहे म्हणून निवडला, असें ती सांगते. भावाचें नांव ती काढीत नाहीं.

या प्रयोगाला दुसरी बाजू आहे, आणि ती आईच्या पलंगाशीं जोडलेली आहे. व्यसनी माणसाचा मेंदू सुखाच्या मागें इतका धांवतो कीं त्याला आवर घालतां येत नाहीं. विषण्णतेच्या विकारांत याच्या उलट होतें. जेवण, गाणें, मुलांचें बोलणें, कशाच्याहि मागें जावेंसें वाटत नाहीं. गिफ्टीच्या दृष्टीनें हे एकाच तराजूचे दोन पारडे आहेत : एकीकडे संयम फार थोडा, दुसरीकडे संयम फार जास्त. एकाच घरांत मुलगा एका टोकाला गेला आणि आई दुसऱ्या टोकाला. संयम हा शब्द आपल्याकडे धर्म आणि नीति यांच्या पोथींतला आहे. चंचल मन आवरणें हें साधकाचें काम समजलें जातें. हाच संयम मेंदूंतील कांहीं पेशींच्या कामावर अवलंबून असेल, तर ज्याच्या पेशी दुबळ्या त्याला दोष किती द्यावा? हा प्रश्न कादंबरी विचारते, आणि त्याचें सोपें उत्तर देत नाहीं.

उंदराच्या जोडीला प्रकाश हें दुसरें प्रतीक येतें. येथें थोडें शास्त्र समजून घेतलें पाहिजे. कांहीं शेवाळांत प्रकाशाला प्रतिसाद देणारें एक प्रथिन असतें. त्याचें जनुक विषाणूच्या द्वारें मेंदूंतील निवडक पेशींत पोंचवितां येतें. मग केंसासारख्या बारीक कांचतंतूनें आंत प्रकाश सोडला कीं नेमक्या त्याच पेशी जाग्या होतात. या पद्धतीला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. तिच्यासंबंधींचें महत्त्वाचें आरंभीचें काम २००५ सालीं स्टॅनफर्ड येथेंच प्रसिद्ध झालें. गिफ्टी हीच पद्धत वापरते, आणि तिचा लंगडा उंदीर या प्रकाशाच्या साहाय्यानें अखेर थांबतो. लहानपणीं चर्चमध्यें तिनें ज्या प्रकाशाविषयीं ऐकलें तो आत्म्यांत उतरून पाप्याचें मन पालटीत असे. हा प्रकाश कांचेच्या तंतूंतून उतरतो आणि उंदराची वृत्ति पालटतो. चमत्कार खरा झाला, पण ज्याच्यासाठीं तो हवा होता त्याला जाऊन कित्येक वर्षें लोटलीं आहेत. यश हातीं आलें त्याच क्षणीं शोक ताजा झाला.

नाना ज्या गोळ्यांनीं गुंतला त्या काल्पनिक नव्हेत. ऑक्सिकॉन्टिन हें औषध अमेरिकेच्या बाजारांत १९९६ सालीं आलें. तें व्यसन लावणारें असूनहि त्याविषयीं दिशाभूल केल्याचा गुन्हा तें विकणाऱ्या पर्ड्यू समूहांतील कंपनीनें २००७ सालीं न्यायालयापुढें कबूल केला. अमेरिकेंत मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें मरण पावलेल्यांची संख्या २०२१ या एका वर्षांत एक लाखाच्या वर गेली, आणि त्यांत अफूच्या जातीच्या द्रव्यांचा वांटा सर्वांत मोठा होता. तेव्हां नानाची कथा लाखो घरांची कथा आहे. परंतु त्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडते. ज्या चर्चमध्यें हें कुटुंब जातें तेथें बहुतेक सारे लोक गोरे आहेत. मैदानावर नाना जिंकत असतो तोंवर तो त्यांचा असतो. तो घसरल्यावर चर्चमध्येंच चाललेली कुजबुज गिफ्टीच्या कानांवर पडते, आणि तींत त्याच्या व्यसनाचा संबंध त्याच्या कातडीच्या रंगाशीं जोडलेला असतो. तिची श्रद्धा शास्त्रानें मोडली असा समज होणें साहजिक आहे. पण तिला खरा तडा गेला तो या कुजबुजीनें, हें विसरतां कामा नये.

त्यापूर्वीं ही मुलगी रोजनिशी लिहीत असे, आणि ती रोजनिशी म्हणजे देवाला लिहिलेलीं पत्रें होतीं. तींत तिनें आईला ‘ब्लॅक मांबा’ हें टोपणनांव दिलें आहे. मांबा हा आफ्रिकेंतील अत्यंत विषारी आणि चपळ साप. त्याचें अंग करड्या रंगाचें असतें; त्याला काळा म्हणतात तो त्याच्या तोंडाच्या आंतील काळेपणामुळें, आणि तो काळेपणा तोंड उघडल्याशिवाय दिसत नाहीं. कडक, अल्पभाषी आणि मनांतलें मनांत ठेवणाऱ्या आईला याहून समर्पक नांव सांपडणें कठीण. त्या नांवांत मुलीची भीति आहे आणि कौतुकहि आहे. हाच दरारा असलेली बाई पुढें पलंगावर निपचित पडते तेव्हां पूर्वीचें नांव आठवून वाचकाचें मन द्रवतें. पत्रांचेंहि तसेंच आहे. नाना गेल्यावर देवाला लिहिणें हळूहळू थांबतें आणि प्रयोगशाळेंतील टिपणवही सुरू होते. दोन्हींत प्रश्न एकच आहे. बदलला आहे तो उत्तर कोणाकडून अपेक्षावें एवढाच भाग.

अंड्याचें प्रतीक लहान आहे, पण फार बोलकें आहे. शाळेंत मुलांकडून करवून घेतात तो हा प्रयोग. कोंबडीचें अंडें शिर्क्यांत ठेवलें कीं शिर्क्यांतील आम्लानें कवचांतील चुना विरघळतो आणि पातळ पापुद्र्यांत गुंडाळलेलें नागवें अंडें हातीं येतें. तें मक्याच्या दाट पाकांत ठेवलें तर त्यांतील पाणी बाहेर जाऊन तें सुरकुततें. साध्या पाण्यांत ठेवलें तर पाणी आंत शिरून तें टरटरून फुगतें. अंडें तेंच, भोंवतालच्या द्रवाप्रमाणें त्याचा आकार बदलतो. भाऊ घरांत नशेंत पडलेला असतां बहीण वर्गांत हा प्रयोग पाहते. तिचेंहि कवच गळून पडलें आहे. वर्णभेद, चर्च, आईचें मौन, भावाचें व्यसन, जें कांहीं भोंवतीं असेल तें तिच्या आंत शिरतें किंवा तिच्यांतलें सत्त्व ओढून घेतें. माणूस स्वतःचा किती आणि परिस्थितीचा किती, हा तत्त्वज्ञानाचा जुना वाद लेखिकेनें एका अंड्यावर तोलून दाखविला आहे.

आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. घानामध्यें कुमासी शहरच्या केजेटिया बाजारांत मावशी गिफ्टीला एका वेड्या माणसाकडे बोट करून दाखविते. हा पाहा वेडा. तुझी आई कांहीं अशी नाहीं, असें तिला सुचवावयाचें असतें. तिच्या मनांत माया आहे, पण तिचें तें बोट माणसांचे दोन वर्ग पाडतें : रस्त्यावरचे वेडे आणि आपण. आईहि मनाच्या विकाराला रोग मानीत नाहीं. तें पाश्चात्यांनीं काढलेलें खूळ आहे असें तिला वाटतें. घरचें माणूस त्या बोटाच्या टप्प्यांत येऊं नये म्हणून घरें दार लावून घेतात, वैद्याकडे जात नाहींत, आणि दुःख आंतल्या आंत कुजतें. जें बोट चर्चमधील कुजबुजींत नानाकडे वळलें तेंच हें बोट आहे. फक्त देश निराळा.

या कादंबरीवर एक आक्षेप घेतां येईल. कथा गिफ्टीच्या तोंडून येते, आणि ती शास्त्राभ्यासी असल्यामुळें आपल्या प्रतीकांचा अर्थ पुष्कळदां स्वतःच उलगडून सांगते. वाचकासाठीं थोडें अधिक शिल्लक ठेवलें असतें तर बरें झालें असतें, असें मधूनमधून वाटतें. परंतु हाच तिचा स्वभाव आहे हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे. जिला रडतां येत नाहीं ती समजावून सांगत राहते. तिचें स्पष्टीकरण जेथें तोकडें पडतें तेथेंच प्रतीकें बोलूं लागतात. आणि तीं शास्त्र व श्रद्धा यांतील एकीचीहि बाजू घेत नाहींत. उंदीर कां थांबला हें शास्त्र सांगूं शकतें. नाना कां गेला याचें उत्तर त्यानें पुरें होत नाहीं. देवाची इच्छा म्हणून धर्म त्या प्रश्नावर पडदा टाकतो. त्यानेंहि बहिणीचें मन शांत होत नाहीं. पापी आणि रोगी हे दोन्ही शब्द त्याच्याविषयीं बोलतात; नाना कसा धांवे, कसा हंसे, हें त्यांतला कोणताहि शब्द सांगत नाहीं. गिफ्टीला हवा आहे तो संबंध नाना, आणि तो केवळ आठवणींत आहे.

म्हणून कादंबरीचा शेवट वाद मिटवून होत नाहीं. पुढें गिफ्टी प्रिन्स्टन येथें स्वतःची प्रयोगशाळा चालविते. आईहि आतां या जगांत नाहीं. ती मधूनमधून एका चर्चमध्यें जाऊन बसते. ती प्रार्थना करीत नाहीं, देवाच्या शब्दाची वाट पाहत नाहीं. ती शांत बसते, क्रूसावरील मूर्तीकडे पाहते, आठवते, आणि निघण्यापूर्वीं दोन मेणबत्त्या लावते. त्या कोणासाठीं, हें वाचकाला सांगावें लागत नाहीं. तिच्या प्रयोगांतील प्रकाश उंदराच्या मेंदूंतील पेशी जाग्या करीत होता. या मेणबत्त्यांचा प्रकाश कांहींच घडवून आणीत नाहीं. दहा दिवस तेवणाऱ्या आपल्याकडच्या दिव्याप्रमाणें तो केवळ असतो. गेलेल्या माणसाला पापी म्हणावें कीं रोगी, हें त्या दिव्याला विचारावयाचें नसतें. तो विझूं नये म्हणून कोणीतरी उठून तेल घालतें, एवढेंच त्याचें सांगणें. आणि ज्या घरानें असा मुलगा गमावला आहे, त्या घरच्या दाराशीं बोट रोखून उभें राहण्यापेक्षां तें सांगणें अधिक माणुसकीचें आहे.